बाई, कार्ड तर भिजलं नव्हतं!



जानेवारीत मी वर्गात एक गंमत दाखवली. जुन्या पोस्टकार्डाचं नळकांडं केलं, कड डिंकानं चिकटवली आणि ते टेबलावर उभं करून वर एकेक पुस्तक ठेवत गेले. आठ पुस्तकं झाली तरी नळकांडं ताठ! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तीच गंमत जुलैत पुन्हा केली. बाहेर धो धो पाऊस. पाचव्या पुस्तकालाच नळकांडं पोटात मुडपलं आणि पुस्तकं धाडकन खाली! सगळे खो खो हसले. एकीनं मात्र विचारलं, "बाई, कार्ड तर भिजलं नव्हतं, मग असं का झालं?"

शाब्बास! प्रश्न असा हवा. कार्डावर थेंबही नव्हता. पण आपल्या अलिबाग-मुरुडकडे पावसाळ्यात हवाच ओलसर. कागद म्हणजे बारीक तंतूंची जाळी. ती हवेतली ओल पिते आणि तंतूंची एकमेकांवरची पकड सैल होते. पातळ नळकांडं भाराखाली तुटत नाही, आधी मुडपतं. ते कधी मुडपणार, हे भिंतीच्या ताठपणावर ठरतं.

बंदरावर फायबरच्या होड्या पाहिल्यात ना? त्यात काचेचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. अशा जोडीला 'संमिश्र पदार्थ' म्हणतात. विमानांच्या आणि रॉकेटच्या कितीतरी भागांत कार्बनचे धागे आणि इपॉक्सी रेझिन असतं. धागा ओढायला भारी मजबूत, पण दाबला की वाकतो. त्याला सरळ धरतं ते रेझिन.

गोम इथंच आहे. कार्बनच्या धाग्यांना ओलीचं काही वाटत नाही. पण रेझिन महिनोन्महिने दमट हवेत राहिलं, तर 100 ग्रॅम पदार्थात एक-दीड ग्रॅम पाणी मुरू शकतं. उन्हानं रेझिन मऊ होतंच. ओल प्यायलेलं रेझिन तर कमी तापमानालाच मऊ पडतं. ऊन आणि ओल एकत्र आले, की तेच नळकांडं कमी भाराला मुडपतं.

आपली रॉकेटं सुटतात ती श्रीहरिकोट्याहून. तेही समुद्रकाठीच! म्हणून अभियंते अशा पदार्थाचे नमुने मुद्दाम ओलीत ठेवतात, तापवतात आणि मग दाबून पाहतात. कोरड्या, गार दिवशी मिळालेल्या शाबासकीवर ते विसंबत नाहीत. चूक टेबलावर झाली तर पुस्तकं पडतात. आकाशात झाली तर?

आता तुम्ही करा. सारखी सहा नळकांडी बनवा. तीन कोरड्या जागी ठेवा. तीन झाकणाच्या डब्यात, पाण्याच्या वाटीशेजारी, रात्रभर ठेवा. पाणी लागू देऊ नका. सकाळी प्रत्येकावर पुस्तकं रचा नि आकडे वहीत लिहा. एकाच नळकांड्यावर निकाल देऊ नका, कारण जराशी चेप असली तरी ते लवकर मुडपतं.

आकडे मला जरूर कळवा. गंमत फसली तरी कळवा. माझी फसली, म्हणून तर हा धडा मिळाला!

तुमच्या बाई