धंदा म्हणजे पेन्शन नव्हे!



प्रशिक्षणात मी एक प्रश्न हमखास विचारतो: "साठीनंतर घर कशावर चालणार?" आपल्या गोंदियात उत्तर ठरलेलं असतं. "सर, मिल आहे ना! तीच आपली पेन्शन."

मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

राईस मिलचंच घ्या. जागा आणि मशिनरी बँकेकडे तारण. पैसा धानात नाहीतर उधारीत अडकलेला. त्यात मालकाचे गुडघे दुखायला लागले आणि मुलगा पुण्यात नोकरीला. मिल विकायला काढली की जुन्या मशीनला भंगाराचा भाव! जे काही हाती येईल, त्यावरही आधी हक्क बँकेचा. मग पेन्शन कुठे राहिली?

"पण सर, धंद्यात टाकलेला रुपया जास्त कमावतो." बरोबर आहे. चांगल्या वर्षी कमावतोच. वाईट वर्षी मात्र तोच रुपया आधी बुडतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या वर्षापासून थोडा पैसा धंद्याच्या बाहेर काढा, आणि तो पुन्हा धंद्यात ओढता येणार नाही अशा जागी ठेवा.

कसं करायचं?

१. स्वतःची रक्कम ठरवा. गल्ल्यातून लागेल तसे पैसे उचलू नका. प्रोप्रायटर असाल तर हिशेबात ती उचलच दिसेल, पण दर महिन्याला रक्कम आणि तारीख ठरलेली हवी. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक म्हणून पगार घ्या.

२. पीपीएफ खातं उघडा. पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख रुपये. मुदत १५ वर्षं. धंदेवाल्यांसाठी मोठी गोष्ट अशी, की देणेकऱ्यांच्या कर्जापोटी ही रक्कम कोर्टाच्या हुकुमानेही जप्त होत नाही. आयकराची थकबाकी मात्र वेगळी.

३. सोबत एनपीएस. हे बाजाराशी जोडलेलं आहे, परताव्याची हमी नाही. कंपनी असेल तर पगारदार संचालकाच्या खात्यात कंपनीही भरू शकते. करात काय बसतं, ते सीएंना विचारा.

४. कामगारांना विसरू नका. २० माणसं झाली की पीएफ लागू होतो. त्याआधीही मालक-कामगार मिळून स्वेच्छेने घेऊ शकतात. तेही जमत नसेल तर निदान अटल पेन्शन योजनेचा फॉर्म भरून द्या. वय १८ ते ४० हवं आणि माणूस आयकर भरणारा नको. साठीनंतर महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये पडतात. ४० व्या वर्षी त्याच पेन्शनसाठी १,४५४!

उशिराची किंमत मालकालाही चुकत नाही. समजा, महिना २,००० आणि परतावा वर्षाला ८ टक्के. ३५ व्या वर्षी सुरू केलं तर साठीला सुमारे १९ लाख होतात. ४५ व्या वर्षी सुरू केलं तर जेमतेम ७ लाख.

बँकेचा हप्ता आपण कधी चुकवत नाही ना? मग म्हातारपणाचा हप्ताही त्याच वहीत लिहा. २,००० जमत नसतील तर ५०० ने सुरू करा, पण याच महिन्यात.

मिल मुलाला द्यायची असेल तर खुशाल द्या. पण त्याच्यापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, एवढी सोय आधी करा.