नो कॉस्ट ईएमआय : हप्ता वस्तू कमावणार की तुम्ही भरणार?



"सर, धंद्यासाठी लॅपटॉप घ्यायचाय. क्रेडिट कार्डवर नो कॉस्ट ईएमआय मिळतोय. व्याज नाहीच म्हटल्यावर घेऊन टाकू ना?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. व्हिडिओत आकडे पटापट सरकून जातात, म्हणून इथे वही-पेन घेऊन बसूया. माझं मत आधीच सांगतो. नो कॉस्ट ईएमआय वाईट नाही. पण नवीन धंदेवाल्याने तो फक्त अशाच वस्तूसाठी घ्यावा, जी पहिल्या महिन्यापासून स्वतःचा हप्ता स्वतः कमावते. बाकी सगळ्यासाठी थांबावं.

व्याज जातं कुठे?

फुकट पैसे कोणीही देत नाही, बँक तर नाहीच. १७ सप्टेंबर २०१३ ला आपल्या फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना स्पष्ट सांगितलं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, आणि अशा योजनांमध्ये व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांसाठी जे नियम आले, त्यात आणखी एक गोष्ट आली. खरेदी हप्त्यांत बदलण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि ते शून्य करण्यासाठी सूट किती, हे ग्राहकाला वेगवेगळं दाखवायला हवं. म्हणजे तो तपशील मागणं हा तुमचा हक्क आहे. बहुतेक जण तो न वाचताच ओटीपी टाकून मोकळे होतात.

आतला व्यवहार असा असतो. बँक व्याज लावते. तेवढीच सूट कंपनी किंवा दुकानदार किमतीत देतो. दोन्ही एकमेकांत वळते झाले की तुम्हाला वाटतं, व्याज लागलंच नाही.

४२ हजारांचा हिशोब

समजा लॅपटॉप ४२,००० चा आहे. सहा महिने, दरमहा ७,००० चा हप्ता. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरा. बँकेच्या कागदावर तुमचं कर्ज साधारण ४०,१०८ रुपयांचं असतं आणि व्याज १,८९२ रुपये. हे १,८९२ तुम्हाला सूट म्हणून मिळाले. इथपर्यंत ठीक.

पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या बिलात येतो : ३४१ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसकट २३५. झाले ५७६ रुपये. "एवढंच ना सर?" म्हणाल. थांबा, मोठा आकडा पुढे आहे.

मी स्वतः दुकान चालवतो, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. क्रेडिट कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराला मशीनचं शुल्क बसतं. बँक खात्यातून यूपीआय केलं की ते बसत नाही. त्यामुळे रोख किंवा यूपीआयवाल्याला कमी भाव द्यायला दुकानदाराला परवडतं. मानखुर्दहून एक स्टेशन पुढे वाशीच्या मॉलमध्ये जा, नाहीतर लॅमिंग्टन रोडला जा, एकच प्रश्न विचारा : "ईएमआय नको, आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?"

समजा त्याने १,५०० कमी केले. मग ईएमआयवाल्याला लॅपटॉप ४२,५७६ ला पडला आणि रोखवाल्याला ४०,५०० ला. फरक २,०७६. सहा महिन्यांच्या हप्त्यांवर हा फरक वर्षाला साधारण १७-१८ टक्के व्याजाइतका होतो. नाव नो कॉस्ट, भाव मात्र पर्सनल लोनचा! आणि दुकानदाराने एक रुपयाही कमी केला नाही, तर तुमचा खर्च फक्त ५७६. तेव्हा ईएमआय स्वस्त आहे, खुशाल विचार करा. म्हणून आधी भाव विचारा, मग ठरवा.

खरा खर्च : अडकलेलं लिमिट

नोकरदाराने ईएमआय घेणं आणि धंदेवाल्याने घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोकरदाराचा पगार १ तारखेला येतो. आपला गल्ला कधी भरतो, कधी रिकामा असतो. हप्ता मात्र तारीख चुकवत नाही.

समजा तुमच्या कार्डाचं लिमिट ६०,००० आहे. लॅपटॉप घेतला त्याच दिवशी त्यातले ४० हजार अडकले. जसजसे हप्ते भराल तसतसे ते सुटत जातील. गणपतीच्या तोंडावर होलसेलवाला म्हणाला, "आज पैसे दे, माल स्वस्त देतो," तर हातात उरले फक्त २० हजार. नवीन धंद्यात कार्डाचं लिमिट म्हणजे अडीनडीचं भांडवल असतं. ते एका वस्तूत कोंडून ठेवायचं का, हा विचार बिल फाडायच्या आधी करायचा.

दुसरा धोका यापेक्षा मोठा. एखाद्या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरता आलं नाही आणि 'मिनिमम ड्यू' भरून वेळ मारून नेली, तर उरलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज सुरू होतं. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातं. शिवाय नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे त्याच कार्डावर भरलेल्या मालालाही पहिल्या दिवसापासून व्याज. "एवढं व्याज लावायला कोणी अडवत नाही का?" २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. तेव्हा राखण आपली आपणच करायची.

मग कधी घ्यावा?

समजा लल्लूभाई कंपाउंडमध्ये तुम्ही ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं काम सुरू करताय. एका फॉर्ममागे खर्च जाऊन ३० रुपये सुटतात. ७,००० च्या हप्त्यासाठी महिन्याला २३४ फॉर्म लागतील, म्हणजे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज ९. सध्या मोबाईलवर किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुम्ही रोज चार-पाच भरत असाल आणि गिऱ्हाईक परत जात असेल, तर लॅपटॉप घ्या. तो हप्ता कमावेल.

पण महिना बघून घ्या. प्रवेशाचे फॉर्म जून-जुलैमध्ये धो धो येतात. मोठे सेल येतात दसरा-दिवाळीला. सेल कंपनीच्या सीझनला असतो, तुमच्या नाही. मे महिन्यात घेतलेल्या लॅपटॉपचे पहिले हप्ते गर्दीच्या दिवसांत फिटतात. दिवाळीत घेतलेल्याचे हप्ते थंड महिन्यांत येतात, तेही खिशातून.

आता दुसरं उदाहरण. घरून डबे देणाऱ्या ताईला कोणीतरी सांगतं, "रील्ससाठी ७० हजारांचा फोन घे, धंदा वाढेल." तो फोन महिन्याला किती जास्तीचे डबे विकेल, हे आकड्यात सांगता येत नसेल, तर ती धंद्याची खरेदी नाही, हौस आहे. हौस करायला ना नाही, पण ती नफ्यातून करा, कर्जातून नको.

बिल कोणाच्या नावाने?

ही गोष्ट मोठमोठे हुशार लोक विसरतात. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल, कंपोझिशनची नव्हे, तर धंद्याच्या लॅपटॉपचं बिल तुमच्या जीएसटी नंबरवरच घ्या. ४२,००० मध्ये १८ टक्क्यांनी जवळपास ६,४०० रुपये कर असतो. तो इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. दोन हजारांच्या ईएमआय ऑफरमागे धावायचं आणि साध्या नावावर बिल घेऊन सहा हजार सोडायचे, हा कुठला धंदा?

पैसे नसतील तर कार्ड हा एकच रस्ता नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज असतं. बँकेत फेऱ्या पडतील, कागद लागतील, व्याजही भरावं लागेल. पण ते व्याज समोर लिहिलेलं असतं, मुदत लांब मिळते आणि कार्डाचं लिमिट मालासाठी मोकळं राहतं. बचत गटातून किंवा भिशीचा नंबर लागल्यावर घेतलेली वस्तूसुद्धा चालेल. सेकंड-हँड लॅपटॉपने सुरुवात करण्यात तर काहीच कमीपणा नाही.

'बाय नाऊ' दाबण्याआधी वहीत चार ओळी लिहा :

१. पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव किती?
२. फी आणि जीएसटी धरून ईएमआयने एकूण किती जाणार?
३. ही वस्तू महिन्याला जास्तीचे किती रुपये कमावणार?
४. दोन महिने धंदा बसला तर हप्ता कुठून भरणार?

तिसरी ओळ हप्त्यापेक्षा मोठी आणि चौथ्या ओळीला खरं उत्तर असेल, तर बिनधास्त घ्या. चौथी ओळ कोरी राहिली, तर आधी दोन हप्त्यांचे पैसे बाजूला टाका, मगच दुकानात जा.