गणित की साहित्य?

दहावीचा निकाल लागला की नवी मुंबईतील घराघरांतून एक वाद ऐकू येऊ लागतो. वाशी, नेरूळ, खारघर, ऐरोली, कोठेही जा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढे अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज असतो आणि त्याच्याभोवती वडीलमंडळी बसलेली असतात. मुलाला गुण चांगले असतील, तर त्याने विज्ञानशाखा व उच्च गणित घ्यावे, याविषयी कोणालाच शंका नसते. त्याला कवितेची गोडी आहे, असे कोणी म्हटलेच, तर ‘ते सुटीत वाचता येईल’ हे उत्तर तयार असते. याच्या उलट, गणितात ज्याचे गुण थोडे, त्याला ‘तू कलाशाखेत जा, तेथे नुसते वाचायचे असते’ असा दिलासा देण्यात येतो. या दोन सल्ल्यांत मिळून दोन्ही विषयांचा अपमान होतो आणि तो करणाऱ्यांना त्याची जाणीवही नसते.

नियम काय म्हणतात, ते आधी पाहू. दहावीपर्यंत हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. गणिताचे दोन्ही भाग सर्वांना असतात आणि २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले आहे. अकरावीत मात्र वाटा फुटतात. तथापि राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचे नावच ‘गणित आणि संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असे आहे. म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्याला गणिताचे दार बंद नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही दुसरी भाषा म्हणून मराठी घेता येते. परंतु त्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेण्याची मुभा आहे, आणि ‘त्यात गुण अधिक पडतात’ या समजुतीने पुष्कळ मुले मराठीचा निरोप घेतात. अभियांत्रिकीच्या प्रवेश-परीक्षेत भाषेचा प्रश्नच नसतो, मग ती शिकावी कशाला, असा त्यांचा सवाल. कलाशाखेच्या मुलाने गणित मागितले, तर ते वेळापत्रकात बसत नाही, असे सांगण्यात येते. नियमांनी जी भिंत बांधलेली नाही, ती वेळापत्रकाने आणि गुणांच्या हिशेबाने बांधली आहे.

हे दोन विषय एकमेकांचे वैरी आहेत, असे ज्यांना वाटते, त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील भुंग्यांचे उदाहरण सोडवून पाहावे. ‘लीलावती’ हा ११५० मध्ये सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचा पहिला भाग. तो सारा पद्यात आहे. त्यात एक थवा वर्णिला आहे. थव्यातील भुंग्यांचा पाचवा भाग कदंबावर जातो आणि तिसरा भाग शिलींध्राच्या फुलाकडे. या दोन भागांत जे अंतर, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर जाऊन बसतात. उरतो एकच. तो केतकी आणि मालती या दोहोंच्या सुगंधाने एकाच वेळी ओढला जाऊन आकाशात घिरट्या घालीत राहतो. तर एकूण भुंगे किती?

उत्तर पंधरा. कदंबावर तीन, शिलींध्रावर पाच, कुड्यावर सहा आणि आकाशात एक. परंतु उत्तरापेक्षा त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन विधानांवरून थव्याच्या पंधरा भागांपैकी चौदा भाग फुलांवर गेले, एवढेच समजते. थवा पंधरा भुंग्यांचा असेल, तीसांचा असेल, तीनशेंचाही असू शकेल. संख्या ठरते ती त्या एका उरलेल्या भुंग्यामुळे. घाईने वाचणारा विद्यार्थी त्याला कवीची सजावट समजून सोडून देईल आणि उत्तराला मुकेल. उलट, नुसत्या रसिकाला त्या भुंग्याची तगमग चटकन जाणवेल. पण बाकीचे चौदाही भुंगे आपापल्या फुलावर स्थिरावले आहेत, हे त्याने मोजून पाहिले नाही, तर त्या एकाचे एकटेपण त्याला पुरते कळणार नाही. येथे गणित कोठे संपते आणि काव्य कोठे सुरू होते, हे मला तरी रेघ ओढून दाखवता येत नाही.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (ज्ञानेश्वरांच्या कथेतले योगी चांगदेव ते निराळे) याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी खानदेशातील पाटण येथे मठ स्थापिला. हे गाव आज जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात आहे. तेथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख असून त्याचा मुख्य भाग संस्कृतात आहे. परंतु मठाला दिलेल्या दानाचा तपशील अखेरीस मराठीत कोरलेला आहे. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील राजाच्या उत्पन्नाचा वाटा मठाला दिला, असा त्याचा आशय आहे. आपल्या वाशीच्या घाऊक बाजारातील एखाद्या कराने गणिताची पाठशाळा चालावी आणि त्याची नोंद व्यापाऱ्यांना वाचता यावी म्हणून मराठीत व्हावी, तसाच तो प्रकार!

पुढे इंग्रजी अमदानीत बाळशास्त्री जांभेकर झाले. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे पत्रकार म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत. ‘शून्यलब्धिगणित’ हे उच्च गणिताचे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले, आणि १८४५ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ प्रथम छापून काढली तीही त्यांनीच. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. वयाची पस्तिशीही त्यांनी गाठली नव्हती.

नवी मुंबईच्या रहिवाशाला मात्र या दोन विषयांचे सख्य पाहण्यासाठी इतके दूर जायला नको. हे शहर वसविण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर ते उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांनी आंदोलन केले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, हे सातवीतील मुलगाही सांगेल. परंतु सामाजिक सुविधांसाठी त्यातून पावणेचार टक्के वजा होतात आणि पावणेनऊच हाती येतात, हे योजनेच्या अटी वाचल्यावाचून कळत नाही. ज्या घरात कोणाला अट नीट वाचता येत नव्हती किंवा वजाबाकीची खात्री करून घेता येत नव्हती, त्या घराला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागले असेल. हे उच्च गणित नव्हे आणि हे साहित्यही नव्हे, हे मला मान्य आहे. पण दोन्हींचा पाया याच मातीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन्ही विषय घेता येत असतील, तर दोन्ही घ्यावेत, यात वाद नाही. पण दोन्ही आवडतात आणि एकच मिळणार आहे, अशी वेळ आली तर? मी जन्मभर मराठी शिकविली. तरीही अशा मुलाला मी गणित घे असेच सांगेन. गणिताला पायऱ्या असतात. त्रिकोणमिती सोडून कलनाकडे उडी मारता येत नाही, आणि पंधराव्या वर्षी जो जिना सोडतो, तो तिसाव्या वर्षी पुन्हा चढताना क्वचितच दिसतो. तेथे शिक्षक लागतो, फळा लागतो, रोजचा सराव लागतो. साहित्याची वाट ग्रंथालयातून पुढे जाते आणि ती साठाव्या वर्षीही खुली असते. अर्थात साहित्यात पायऱ्या नाहीतच, असे कोणी समजू नये. तेराव्या शतकातील ओवी वाचताना जाणत्याचा आधार लागतोच. म्हणून माझा हा सल्ला अटीवर आहे: गणित घेणाऱ्याने मराठी ही दुसरी भाषा सोडू नये. चार गुण कमी पडतील, ते पडू द्यावेत.

ज्याचा जीव साहित्यातच रमतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याने ते निःसंकोच घ्यावे आणि त्याच्या आईवडिलांनी शेजाऱ्यांपुढे मान खाली घालू नये. मात्र त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी साहित्याकडे चाललो आहे, की गणितापासून पळत आहे? गणिताची भीती हे रसिकतेचे प्रमाणपत्र नव्हे. जो समीकरणाला कंटाळून आला, तो अन्वय लावतानाही कंटाळतो, असा माझा अनुभव आहे.

केंब्रिजमध्ये गणित शिकलेले जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपल्या नावामुळे परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतले आणि हस्ताक्षरही पत्नीचे वापरले. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२५ मध्ये ते निवर्तले. ज्ञानाच्या दोन खोल्यांत ये-जा करायला त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही.

विद्यार्थ्यांना मात्र ती मागावी लागते. तेव्हा तुमची वेळ येईल, त्या वेळी अर्जावर विषय भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात जा आणि कलाशाखेला गणित आहे काय, विज्ञानशाखेला मराठी आहे काय, हे दोन प्रश्न विचारा. ‘मागणी नाही’ असे उत्तर बहुधा मिळेल. दुसऱ्या दिवशी आणखी नऊ जणांना बरोबर घेऊन जा.