लस मुलींना, पण त्यांच्या आयांचे काय?

गर्भाशयमुखाचा कर्करोग अचानक उद्भवत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) संसर्ग बहुतेक स्त्रियांना कधी ना कधी होतो आणि सहसा एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याचा निकाल लावते. मोजक्या स्त्रियांमध्ये मात्र हा विषाणू, विशेषतः त्याचे १६ व १८ हे प्रकार, पेशींत ठाण मांडतो. त्याची ई६ व ई७ ही प्रथिने पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारी पी५३ व आरबी ही प्रथिने निकामी करतात. तरीही संसर्गापासून कर्करोगापर्यंतची वाटचाल साधारणतः १५ ते २० वर्षांची असते.

इतका दीर्घ अवधी देणारे कर्करोग थोडेच. तरीही ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळपास ८०,००० जणी दगावल्या. रोगाने दिलेला वेळ व्यवस्थेने वाया घालवला, हाच या आकड्यांचा अर्थ आहे.

लसीकरणाबद्दलचा उत्साह रास्त आहे. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून मोहीम राबवून ती यशस्वी होऊ शकते हे दाखवले. २०२२ मध्ये ‘सर्व्हावॅक’ या स्वदेशी लशीला मान्यताही मिळाली. परंतु लस आधीच जडलेला संसर्ग बरा करत नाही. आज तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रियांना तपासणीच वाचवू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट ७० टक्क्यांचे आहे.

एचपीव्ही चाचणी महाग आहे, हा आक्षेप नेहमीचा. पण तिचा सबळ पुरावा भारतातीलच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील (आताचे धाराशिव) खेड्यांत झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीमुळे मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. शिवाय नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते; त्यामुळे संकोचाचा अडसरही कमी होतो.

कर्करोगपूर्व बदल वेळीच सापडले, तर छोट्या उपचाराने ते दूर होतात. रोग पसरल्यावर मात्र वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून मुलीच्या लशीबरोबर तिच्या आईची तपासणी, हेच राष्ट्रीय धोरण असायला हवे. लशीचे फळ दिसायला दोन दशके लागतील. त्या आईजवळ तेवढा वेळ नाही.