टिकाऊ डांबराचा ताळेबंद

जरीपटका हे नाव मराठेशाहीच्या निशाणाचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उत्तर नागपुरातील या भागात बस्तान बसविले व कष्टाने बाजारपेठ उभारली. अशा गजबजलेल्या वस्तीत रस्ता ही केवळ येण्याजाण्याची सोय नसते. दुकानदाराचे गिऱ्हाईक, विद्यार्थ्याची तासाची वेळ आणि कारकुनाची स्कूटर ही सारी त्याच्यावर अवलंबून असतात. म्हणूनच दर पावसाळ्यात डोके वर काढणारा खड्ड्यांचा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

नागपूरची जमीन आणि हवामान दोन्ही रस्त्याची परीक्षा पाहणारी आहेत. येथील काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हात आक्रसून भेगाळते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा साधे डांबर मऊ पडून अवजड वाहनांच्या चाकांखाली दबते. ऊन व हवेतील प्राणवायू यांमुळे तेच डांबर वर्षागणिक कडक आणि ठिसूळ होते. मग तडे जातात, तड्यांतून पाणी उतरते आणि गिट्टीवरील डांबर सुटू लागते. खड्डा दिसतो तो पावसाळ्यात. परंतु त्याचे बीज त्यापूर्वीच पेरलेले असते.

यावर उपाय नाही असे नव्हे. डांबरात पॉलिमर अथवा जुन्या टायरांचा रबरी चुरा मिसळला असता त्याची उष्णता सोसण्याची शक्ती व लवचीकपणा वाढतो. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांनी तापलेल्या गिट्टीवर टाकाऊ प्लास्टिकचा लेप देण्याची पद्धत शोधली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तथापि, उत्तम डांबर म्हणजेच उत्तम रस्ता नव्हे. खालचा थर पक्का हवा, पाणी वाहून नेणारी नाली हवी आणि मिश्रण गरम असतानाच त्यावर रोलरची पुरेशी फेरी व्हावयास हवी. यांतील एक गोष्ट चुकली, तरी महाग डांबरही पाण्यात जाते.

असा रस्ता महाग पडतो, हा नेहमीचा आक्षेप. तो हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. समजा, एका रस्त्यास 100 रुपये लागले व तो 3 वर्षे टिकला. दुसऱ्यास 150 रुपये लागले, पण तो 10 वर्षे टिकला. पहिल्याचा वार्षिक खर्च 33 रुपये, दुसऱ्याचा 15. गुंतविलेल्या पैशावरील व्याज धरले तरी दुसराच स्वस्त ठरतो. शिवाय वाहनांची मोडतोड, वाया गेलेले इंधन, अपघातांत मोडलेली हाडे ही नागरिकांच्या खिशातून जाणारी रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. डांबर खनिज तेलापासून मिळते आणि ते तेल आपण मुख्यतः परदेशातून आणतो, हेही विसरता येत नाही.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1976 मध्ये रिकॉन्डो या कंपनीने 10 वर्षांची हमी देऊन बांधला. हमीची मुदत संपल्यानंतरही तो कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला. तंत्र होते, कंत्राटदार होता, अनुभवही पदरी पडला; तरी तो रस्ता अपवाद म्हणूनच सांगितला जातो. याचे कारण उघड आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्या व्यवस्थेत टिकाऊपणाला भाव नसतो. उलट, लवकर उखडणारा रस्ता पुढील कामाची तरतूद करून ठेवतो.

नागपूरने अलीकडे सिमेंटच्या रस्त्यांचा मार्ग धरला आहे. तो काही ठिकाणी योग्यही असेल. परंतु जुन्या वस्त्यांत रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याहून वर गेली की पाणी उंबरठा ओलांडते, आणि जलवाहिनीसाठी सिमेंट फोडणे व पुन्हा जोडणे हे सोपे काम नाही. तेथे जुना थर खरवडून काढून त्याच पातळीवर टिकाऊ डांबराचा थर देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

त्यासाठी निविदेची भाषा बदलली पाहिजे. किती टन डांबर ओतले यापेक्षा रस्ता किती वर्षे टिकेल, याला पैसे मोजावेत. हमीची मुदत लांब असावी, कंत्राटदाराची काही रक्कम तोवर रोखून धरावी आणि काम कोणी, केव्हा, किती खर्चाने केले याचा फलक रस्त्यावरच लावावा. जलवाहिन्यांची व तारांची खोदाई मात्र आधी उरकावी; अन्यथा हमी कागदावरच राहील.

1943 च्या डिसेंबरात देशातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी 20 वर्षांची रस्तेयोजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या शहराच्या नावाने देशाने वीस वर्षे पुढचा विचार केला, त्या शहरातील रस्त्यांचा विचार पुढच्या पावसाळ्यापुरता होऊ नये, एवढीच जरीपटक्याच्या नागरिकांची रास्त अपेक्षा आहे.