पोहण्याच्या तलावाची निगा : काम आपले, ज्ञानही आपलेच



आजचा विषय पाहून काही वाचक हसतील. बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाचा आणि आपला संबंध काय? आपल्या घरी नळाला पाणी आले की हंडे-कळशा भरण्याची घाई उडते. पण संबंध आहे, आणि तो पोटाचा आहे. कोल्हापूर शहरातील मोठे बंगले, पन्हाळ्याच्या रस्त्यावरील फार्म हाऊस, हॉटेले या ठिकाणी तलावात पोहणारे दुसरे असतात. तो तलाव राखणारा मात्र पुष्कळदा आपल्याच वस्तीतला तरुण असतो. माळीकाम करता करता किंवा वॉचमनची नोकरी करता करता हे काम त्याच्या गळ्यात पडते. शिकवत कोणी नाही. "ही पावडर, ही जाळी, कर सुरू," एवढेच सांगितले जाते.

एका भगिनीने विचारले आहे, "माझे पती असेच काम करतात. पावडर टाकून आले की डोळे लाल होतात, रात्रभर खोकतात. मालक म्हणतात सवय होईल. खरेच सवय होते का?" उत्तर स्पष्ट आहे. वासाची सवय नाकाला होते, फुप्फुसाला होत नाही. म्हणून हे काम नीट समजून घेणे ही त्या कुटुंबाच्या जिवाची गोष्ट आहे.

पाणी स्वच्छ कसे राहते?

नदीचे पाणी वाहते, तलावाचे साचलेले असते. साचलेल्या पाण्यात घाम, धूळ, पालापाचोळा साठतो आणि उन्हात शेवाळ धरते. म्हणून पंपाने हे पाणी सतत फिरवावे लागते. पंप काठावरच्या झडपेतून आणि तळाच्या जाळीतून पाणी ओढतो. पंपाच्या तोंडाशी असलेल्या टोपलीत केस आणि पाने अडकतात. पुढे वाळूच्या फिल्टरमध्ये बारीक गाळ अडतो आणि पाणी पुन्हा तलावात येते. एवढे करूनही जंतू उरतात. त्यांना मारण्याचे काम क्लोरीन करतो. पंप, फिल्टर आणि क्लोरीन या तिघांपैकी एक जरी बंद पडला तरी उरलेल्या दोघांचे कष्ट वाया जातात.

क्लोरीन किती हवा, हे डोळ्यांनी किंवा वासाने कळत नाही. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ इतका पी.एच. असावा. पी.एच. म्हणजे पाण्याचा आंबटपणा किंवा खारेपणा मोजण्याचे माप. तो फार वाढला तर कितीही पावडर टाकली तरी क्लोरीनचा जोर चालत नाही. बाजारात थेंबांची चाचणीपेटी मिळते. एका नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग क्लोरीन सांगतो, दुसऱ्या नळीत तांबडा रंग पी.एच. सांगतो. ही पेटी मालकाकडून मागून घ्यावी. तिच्याशिवाय पावडर टाकणे म्हणजे ताप न बघता औषध देणे होय.

हिशेबही शिकून घ्यावा. समजा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. गुणाकार केला की ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी होते. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायचा तर ४८ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. टी.सी.एल. पावडरमध्ये क्लोरीन साधारण ३० टक्के धरला तर ती १६० ग्रॅम घ्यावी लागेल. डबा जुना असेल किंवा पावडरीला ओल लागली असेल तर तिचा जोर कमी होतो. मोजून टाकणाऱ्याची पावडर वाचते आणि पोहणाऱ्यांचे डोळेही वाचतात.

आणखी एक गैरसमज काढून टाकावा. तलावाला उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असे अनेकांना वाटते. खरे तर क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाला की तो डोळे झोंबवणारा वास सुटतो. म्हणून पोहण्यापूर्वी आंघोळ करण्याची सक्ती असावी.

कामाचा क्रम

सकाळी जाळीने पाने काढावीत, टोपली साफ करावी, चाचणी घ्यावी आणि आकडे वहीत लिहावेत. भिंतीवरचे शेवाळ ब्रशाने घासावे. पंप रोज ६ ते ८ तास चालवावा, पण कोरडा कधीही चालवू नये. त्याचे सील जळते आणि भुर्दंड शेवटी कामगाराच्या माथी येतो. फिल्टरवरच्या दाबाच्या घड्याळाकडे लक्ष असावे. फिल्टर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा दाब साधारण अर्ध्या किलोने वाढला की वाळू तुंबली असे समजावे. मग पंप बंद करून व्हॉल्व्हचा दांडा फिरवावा आणि उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवावी. पंप चालू असताना हा दांडा कधीही फिरवू नये.

पावडर संध्याकाळी टाकावी, कारण उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो. ती थेट तलावात फेकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे, त्यात पावडर कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी ओतावी.

आपल्याकडे पावसाळ्यात बरेच मालक तलाव वापरत नाहीत. पंप बंद होतो, क्लोरीन संपतो आणि आठ-दहा दिवसांत त्या पाण्यात डासांची नवी पिढी तयार होते. त्यात डेंग्यूचे डासही असू शकतात, आणि ते चावताना मालक आणि माळी असा भेद करीत नाहीत. तलाव बंद ठेवायचा असला तरी पाणी फिरते ठेवावे, नाहीतर तो पूर्ण रिकामा करून कोरडा ठेवावा.

हे नियम मोडू नका

पहिला नियम : टी.सी.एल. पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र आणू नका. एकाच बादलीत नको, एकाच फळीवर नको, एकच मापही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने पंपाच्या खड्ड्यात साचून राहतो.

दुसरा नियम : तलावासाठी क्लोरीनच्या गोळ्याही मिळतात. त्या आणि टी.सी.एल. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही 'क्लोरीनच' म्हणून मिसळल्या तर आग लागते, स्फोटही होतो.

तिसरा नियम : ॲसिड पातळ करायचे तर आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात थोडे थोडे ॲसिड ओतावे. उलट केले तर ते उसळून अंगावर येते.

चौथा नियम : रबरी हातमोजे, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि बूट मागून घ्यावेत. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही.

पाचवा नियम : पंपाच्या खड्ड्यात उग्र वास आला आणि आत कोणी पडलेले दिसले तर धावत आत उतरू नये. वाचवायला गेलेला दुसराही तेथेच पडतो. आधी माणसे आणि मदत बोलवावी.

सहावा नियम : विजेच्या पंपाला अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असलाच पाहिजे. ओल्या हाताने बटण दाबू नये. तळाची जाळी फुटली असेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, कारण पंपाच्या ओढीने केस किंवा हात अडकून माणूस बुडू शकतो.

वायू नाकातोंडात गेला तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. डोळ्यांत काही उडाले तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवावेत. दम लागत असेल तर १०८ ला फोन करावा किंवा सी.पी.आर. रुग्णालय गाठावे. थोड्या वेळाने बरे वाटले म्हणून घरी झोपून राहू नये, काही तासांनीही श्वास कोंडू शकतो.

सुट्टीच्या दिवशी काही बांधव मुलांना कामावर सोबत नेतात. चार हात लांब असलेले मूल आवाज न करता बुडते. फाटकाला कडी, काठावर दोरी आणि हवेची रिंग असावी. स्वतः कामगारालाही पोहता आले पाहिजे. पोहणे ही काही श्रीमंतांची मिरासदारी नाही. आपली कितीतरी पिढी विहिरीत आणि पंचगंगेच्या डोहातच पोहायला शिकली. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आपल्या मुला-मुलींनाही पोहायला शिकवा.

थेंबाला जात कळत नाही

पाण्याशी आपल्या समाजाचे नाते साधे नाही. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार खावा लागला होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढायला बळ दिले आणि स्वतः तेथे चहा घेतला. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक पाणवठ्यांवर विटाळ पाळू नये असा हुकूम काढला. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. आपल्या लोकांनी ओंजळभर पाणी घेतले, म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे 'शुद्ध' केले. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला.

आज तलाव राखणाऱ्या आपल्या तरुणाला विचारा, शेण आणि दूध घातले तर पाणी शुद्ध होते का? तो हसेल. त्याच्या नळीतला थेंब सांगतो की त्या विधीने तळे घाण झाले असेल, स्वच्छ नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, जंतूंनी बाटते. हा विज्ञानाचा निकाल आहे आणि धम्माचाही. भगवान बुद्धांनी कारण शोधायला शिकवले, विटाळ पाळायला नाही.

हे ज्ञान घरी आणा

म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. साहेबांच्या तलावाची चाचणी रोज होते. आपल्या वस्तीतल्या टाकीची शेवटची चाचणी कधी झाली? २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून कावीळ पसरली आणि माणसे दगावली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी विहिरी गढूळ झाल्या. अशा वेळी पाणी तपासून घेणारा माणूस आपल्यातच हवा.

पिण्याच्या पाण्याला तलावाइतका क्लोरीन लागत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असला तरी पुरे. नगरपालिकेचे पाणी आधीच क्लोरीनचे असते, त्यात आपल्या मनाने पावडर टाकू नये. आधी ओ.टी. चाचणी घ्यावी आणि पिवळा रंग आलाच नाही तर तक्रार लेखी द्यावी. स्वतःची विहीर असेल तर दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली टी.सी.एल. पावडर लागते. गोल विहिरीचे पाणी मोजायचे सूत्र सोपे आहे : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये), आणि उत्तराला ७८५ ने गुणावे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. त्याला ७० ग्रॅम पावडर पुरते. निवळी रात्री टाकावी आणि निदान तासभर पाणी उपसू नये. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीसाठी मात्र आरोग्य कर्मचाऱ्याला बोलवावे. पाण्याचे बॅरल आठवड्यातून एक दिवस घासून कोरडे करावे.

तलावाचे काम करणाऱ्या बांधवांनी आपली वही जपून ठेवावी. रोजचे आकडे, टाकलेली पावडर, बिघाड आणि मागितलेले साहित्य हे सर्व तारखेसह लिहावे. ज्याच्याकडे अशी वही आहे तो नुसता 'पावडर टाकणारा गडी' राहत नाही. तो तंत्र जाणणारा कामगार ठरतो आणि त्या हिशेबाने पगार मागू शकतो. सम्यक आजीविकेत आपल्या कामाने दुसऱ्याचे अहित होऊ न देण्याची शिकवण आहे. ते काम करताना स्वतःचाही देह झिजवून टाकू नये. त्या भगिनीने आपल्या पतीला हे पान वाचून दाखवावे आणि चष्मा-हातमोजे मिळेपर्यंत ॲसिडच्या कॅनला हात लावू देऊ नये.

नमो बुद्धाय, जयभीम!