उजेडाच्या बटणाचा रेणू

आपल्या नांदेडकडे कपाशी, लातूरकडे सोयाबीन. फवारणी मात्र दोन्हीकडे! यंदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, औषध अळीसाठी असतं ना? मग माणसाला का बाधतं?" शेतातून आलेल्या तिच्या बाबांना दरदरून घाम सुटला होता, तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टरांनी वेळेवर सुई दिली म्हणून निभावलं.

त्याचं असं आहे. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचा पदार्थ सुटतो, अन् स्नायू आखडतो. निरोप पोचला की हा पदार्थ लगेच पुसावा लागतो. फळ्यावरचं पहिलं गणित पुसल्याशिवाय दुसरं कुठं लिहिणार? हे पुसणारं डस्टर म्हणजे एक विकर, म्हणजेच एन्झाइम. त्याचं नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज. (पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही!) प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशकं या डस्टरलाच घट्ट चिकटतात. फळा भरतच जातो. अळी त्यानंच मरते, आणि तसलंच डस्टर माणसातही असतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं दगावले.

आता गंमत ऐका. ॲझोबेन्झीन नावाचा एक रेणू आहे, रंगांच्या घराण्यातला. एरवी सरळ असतो. अतिनील प्रकाश पडला की कोपरासारखा वाकतो. निळा उजेड दाखवला, की बराचसा पुन्हा सरळ. १९६९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड एर्लांगर आणि सहकाऱ्यांनी अशा रेणूंनी याच विकराला आवर घातला. एका आकारात रेणू विकराला जास्त अडवतो, दुसऱ्यात कमी. जणू दिव्याचं बटणच! उजेड पडेल तेवढ्याच जागी काम करणारं औषध करता येईल का, हे शास्त्रज्ञ आज शोधताहेत. अडचण एवढीच, की शरीराच्या आत अंधार असतो आणि अतिनील प्रकाश कातडीखाली फार खोल जात नाही.

"मग बाबांवर बॅटरी मारली असती तर?" तिनं लगेच विचारलं. नाही गं. फवारणीच्या विषाला असं बटण नसतं. तिथं साबण-पाणी, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेनं पाठ, आणि त्रास झालाच तर औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना.

दुसऱ्या दिवशी ती सांगत होती, बाबांचे फवारणीचे कपडे आई आता वेगळ्या बादलीत धुते.